सगळ्यांना एकच चौकट

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. वणीतल्या आमच्या समाजभवनाची वरची खोली. ठरलेली रक्कम रुपये अठरा हजार, त्यातले सहा हजार आगाऊ. हजर होते समाजमंडळाचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार म्हणून मी, आणि सर. काम होतं वधू-वर परिचयाच्या वेबसाइटचं. दरवर्षी आम्ही पुस्तिका छापायचो. कागद महागला, शिवाय मुलंमुली पुस्तिका हातात घेईनात, म्हणून त्या वर्षी सगळं मोबाइलवर आणायचं ठरलं.

एवढा तपशील मुद्दाम देतो, कारण सरांबद्दल बोलताना लोक फार वाढवून बोलतात. सर मुळातच इतके वेगळे होते की वाढवायची गरज नाही.

ते शाळेत कधीच शिकवत नव्हते. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी राजूर रस्त्यावरच्या एका गाळ्यात कॉम्प्युटरचे क्लास काढले होते. अर्धं गाव तिथे टायपिंग शिकलं, आणि तेव्हापासून ते सगळ्यांचेच सर झाले. पुढे क्लास बंद पडले. सर त्याच गाळ्यात, त्याच बाकावर बसून दुकानदारांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट करू लागले. आता ते नागपूरला मुलीकडे असतात आणि त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात.

वेबसाइट म्हणजे चौकटीच चौकटी असतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. फोटोला चौकट, बातमीला चौकट, फॉर्मला चौकट. बाकीचे लोक चौकटीत काय भरायचं याचा विचार करतात. सर रेषेचा करायचे. रेषा किती जाड, रंग कोणता, कोपरा टोकदार की थोडा गोल, आणि रेषेपासून आतलं अक्षर किती अंतरावर. पडद्यावरचा सगळ्यात बारीक ठिपका म्हणजे पिक्सल. सरांचा संसार एक ते तीन पिक्सलच्या मधे चालायचा.

"चौकट म्हंजे धुरा हाये, भाऊ," ते मला म्हणाले होते. दोन शेतांमधला बांध, तो आमच्याकडे धुरा. "धुरा कमी ठेवला का भांडण, जास्त ठेवला का जमीन वाया. पाहनाऱ्याले वावर दिसलं पाह्यजे. धुरा दिसला तं समजा, बनवनाऱ्यानं धुऱ्यावरच नांगर फिरवला."

काम तपासायची त्यांची पद्धत अशी, की पान तयार झालं की ते उठायचे आणि पडद्यावरची नजर न काढता उलटे उलटे मागे चालत जायचे. गाळा दहा फुटांचा. त्यामुळे ते पायरी उतरून थेट रस्त्यावर जायचे, आणि तो रस्ता कोळशाच्या ट्रकचा. समोरच्या पंक्चरवाल्याने आपल्या धंद्यात हे एक जास्तीचं काम मानून घेतलं होतं. टायर पाण्यात बुडवता बुडवता तो ओरडायचा, "सर, मांगं ट्रक हाये!" सर तिथेच थांबायचे, डोळे बारीक करून म्हणायचे, "उजवी रेष जाड दिसते." ट्रकवाला हॉर्न वाजवायचा. सर त्याला हाताने थांबवायचे, जणू तोही क्लासचा विद्यार्थी आहे.

उजवी रेष जाड दिसणं हे त्यांचं कायमचं दुखणं होतं. एकदा एका दवाखान्याच्या पानावर डॉक्टरांच्या फोटोची चौकट उजवीकडे जाड दिसत होती. सरांनी ती एक पिक्सल कमी केली, तरी जाडच. रंग फिका केला, तरी जाडच. दुपार गेली. त्यांनी सगळं काम पुसून नव्याने लिहिलं, तरी उजवी बाजू जाड. शेवटी चहावाल्याने पेला ठेवता ठेवता पडद्यावर बोट फिरवलं आणि रेष त्याच्या बोटाला आली. कोळशाची धूळ होती. राजूर रस्त्यावर ती प्रत्येक वस्तूवर बसते, फळ्यांवर, भाकरीवर, माणसांच्या भुवयांवर. दुसऱ्या दिवसापासून बाकावर जुन्या बनियनचा एक तुकडा कायम असायचा, आणि कोणतीही चूक शोधण्याआधी सर पडदा पुसायचे.

त्यांच्या सुरुवातीच्या काळात वेबसाइटच्या चौकटी वेगळ्या असत. एकाच पडद्याचे तीन तुकडे करायचे, वर नाव, डाव्या बाजूला यादी, उजवीकडे मजकूर, आणि मधे राखाडी जाड पट्ट्या. त्या पट्ट्या माउसने ओढता यायच्या. सरांनी अशी पहिली वेबसाइट एका जिनिंगवाल्या शेठसाठी केली. शेठला ती पट्टी इतकी आवडली की पाहुणे आले की तो ती डावीकडे-उजवीकडे ओढून दाखवायचा. एक दिवस त्याचा फोन आला.

"सर, माही यादी हरपली!"

सर सायकलवर गेले. शेठने पट्टी ओढत ओढत पार डाव्या काठाला नेऊन ठेवली होती, यादी तिच्याखाली दबली होती. सरांनी पट्टी जागेवर आणली आणि हलणार नाही अशी करून टाकली. शेठ नाराज झाला. "हलत नाही तं मंग मजा काय राह्यली?" सर म्हणाले, "धुरा हलवून मजा घेनारे सगळे कोर्टात भेटतात, शेठ." पुढे त्या जुन्या चौकटी जगभरच बाद झाल्या. सरांना विचारलं तर म्हणायचे, बरं झालं, लोकांच्या हाती धुरा द्यायचाच कायले.

हे सगळं पडद्यापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण सर कोणाच्याही घरी गेले की भिंतीवरचे फोटो सरळ करायचे. माझे काका वारले तेव्हा तेराव्याला ते आले. काकांचा हार घातलेला फोटो भिंतीवर थोडा कलता होता. सरांनी नमस्कार केला, दोन पावलं मागे गेले, पुन्हा पुढे आले आणि दोन्ही हातांनी फोटो सरळ केला. काकू समोरच बसल्या होत्या. त्यांनी पदरातून डोकं वर काढलं.

"ओ सर! ह्यांची मान वाकडी केली ना तुमी!"

खरं होतं. काका जन्मभर डाव्या खांद्याकडे मान कलवून बसायचे, फोटोतही तसेच. म्हणून आम्ही फ्रेमच कलती टांगली होती, म्हणजे काका सरळ दिसत. सरांनी फ्रेम सरळ केल्यावर काका पुन्हा नेहमीसारखे कलले. सर पुन्हा दोन पावलं मागे गेले. मग अतिशय गंभीर चेहऱ्याने त्यांनी फोटो होता तसा वाकडा केला, आणखी अर्धं बोट जास्तच. "आता बराबर," ते म्हणाले. काकू रडता रडता हसल्या. तेरा दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या असतील.

आता वेबसाइटकडे येतो.

आमच्या पुस्तिकेत एक पद्धत होती. पहिल्या लग्नाची मुलंमुली पांढऱ्या पानांवर, आणि घटस्फोटित, विधवा, विधुर शेवटच्या पिवळ्या पानांवर. ही पद्धत कोणी सुरू केली ते माहीत नाही, पण मी खजिनदार झालो तेव्हा पिवळ्या कागदाचा खर्च वेगळा लिहिलेला असायचा. माझी धाकटी बहीण त्या पिवळ्या पानांवर तीन वर्षं होती. ती केळापूरकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. घटस्फोट झाला तेव्हा तिशीची होती. तीन वर्षांत दोन फोन आले. एक अठ्ठावन्न वर्षांच्या विधुराचा, दुसरा विमा एजंटचा.

वेबसाइटचं ठरलं तेव्हा तिने मला सांगितलं, "दादा, या वेळी टाक. पन हे शेवटचं. आनि मले पिवळं करू नको. पिवळं केलं ना, तं मी फोन करून स्वतःच नाव काढाले लावीन."

"माझ्या एकट्याच्या हातात नाही, बेबी," मी म्हणालो.

"तं मंग ज्याच्या हातात हाये त्याले सांग."

सांगणं मला शक्य नव्हतं. मी मंडळाचा पदाधिकारी, आणि यादीत माझीच बहीण. पहिल्याच बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की या विषयावर मी मत देणार नाही. सरांना तर मी काहीच सांगितलं नाही. तिचा फॉर्म मात्र भरला.

तो फॉर्म हेही सरांचं एक प्रकरण. नोंदणीचा फॉर्म दुसऱ्याच वेबसाइटवर तयार झाला होता आणि तो आमच्या पानात एका चौकटीत आणून बसवायचा होता. आणला तेव्हा तो भिंतीला ठिगळ लावल्यासारखा दिसत होता. भोवती काळी रेष, आत वेगळा पांढरा रंग, आणि वर-खाली सरकवायची पट्टी पानाला एक, फॉर्मला एक. बोट कुठे ठेवावं कळेना. सर तीन दिवस त्यामागे लागले. रेष काढली, आतला रंग पानासारखा केला, उंची फॉर्मएवढी वाढवली, तशी आतली पट्टी गेली. मग त्यांनी माझ्या बायकोला गाळ्यात बोलावून घेतलं.

"वैनी, ह्यात फॉर्म भरून दाखवा."

बायकोने पाहिलं. "पन फॉर्म कुठी हाये? हे तं आपलंच पान हाये."

सरांनी खिशातून चॉकलेट काढून तिला दिलं. हे चॉकलेट म्हणजे क्लासच्या काळात पहिल्या नंबरासाठी ठेवलेलं असायचं. बायको आजही ही गोष्ट आल्यागेल्याला सांगते.

जानेवारीत दुसरी बैठक झाली. सरांनी लॅपटॉप आणला. सगळ्या मुलामुलींचे फोटो एकसारख्या चौकटीत, एका ओळीत दोन, रेष एक पिक्सल, रंग फिका करडा. आत नाव, शिक्षण, नोकरी, जन्मतारीख, आणि जिथे लागू असेल तिथे त्याच अक्षरात "घटस्फोटित" किंवा "विधुर".

अध्यक्षांनी चष्मा लावला. माणूस दिलदार, आवाज मोठा. त्यांचा मुलगा पुण्याला इंजिनिअर, तोही यादीत होता.

"छान हाये. आता असं करा. ज्यानं मंडळाले दोन हजार जास्त देल्ले त्याले सोन्याची चौकट. चांगली जाड. आनि ते पिवळ्यावाले, त्याइले वेगळ्या रंगाची द्या. खाली टाका."

मी चहा पीत राहिलो.

सर म्हणाले, "कायले?"

"कायले म्हंजे? लोकाईले समजलं पाह्यजे ना. फसवाचं हाये का?"

"आत लिवलं हाये ना, घटस्फोटित म्हनून. वाचता येते लोकाईले. चौकटीनं कायले बोंबलाव?"

"सर, आमची पद्धत हाये ते."

"पद्धत तुमची, रेष माही. रेष जाड केली का फोटो लहान होते."

"होऊ द्या लहान. सोन्याची करा."

सचिव माझ्याकडे पाहत होते. मी खिडकीकडे पाहत होतो. माझी बहीण केळापूरला त्या वेळी पाचवीच्या वह्या तपासत असेल, आणि इथे तिची चौकट ठरत होती.

सरांनी खांदे उडवले. "ठीक हाये. घर तुमचं, रंग तुमचा." पंधरा मिनिटं कीबोर्डवर खडखड केली. सोन्याची सहा पिक्सलची चौकट देणगीदारांच्या मुलांना, पिवळी चार पिक्सलची पुनर्विवाहवाल्यांना. लॅपटॉप बंद केला. "आता मोबाइलवर पाहा. लोक मोबाइलवरच पाहनार हायेत."

अध्यक्षांनी मोबाइल काढला. वर-खाली केलं. आणखी वर-खाली केलं.

"हा माहा पोरगा एकटा काहून बसला?"

खरंच, साध्या चौकटीतले सगळे दोन-दोन बसले होते आणि अध्यक्षांचा मुलगा सोन्याच्या चौकटीत एका ओळीत एकटा. शेजारची अर्धी जागा रिकामी.

"चौकट जाड झाली," सर म्हणाले. "बाजूले कोनी मावत नाही."

"मंग वर्षभर असाच बसन का?"

"जी."

सचिवांना चहाचा ठसका लागला. अध्यक्षांनी मोबाइल आडवा केला, उभा केला, हलवला. मुलगा एकटाच. "पातळ करा बरं थोडं सोनं."

सरांनी पाच केलं. एकटाच. चार केलं, तीन केलं. एकटाच. शेवटी सगळ्यांसारखं एक पिक्सल केलं तेव्हा तो टुणकन वर गेला आणि वरोऱ्याच्या एका फार्मसी झालेल्या मुलीशेजारी जाऊन बसला.

"हं! आता बसला," अध्यक्ष म्हणाले.

"पन सोनं दिसत नाही आता."

"राहू द्या ना बाप्पा सोनं. पोरगं दिसते." मग ते आणखी खाली गेले. तिथे पिवळ्या चौकटीतले सगळे असेच एकेक, शेजारी रिकामी जागा सोडून, एस.टी.च्या रांगेत उभे असल्यासारखे दिसत होते. अध्यक्षांनी मोबाइल दूर धरला. "हे तं लयच भकास दिसून राह्यलं," ते म्हणाले. "देवळाबाहेर बसल्यावानी. काढा हे. सगळ्याइले एकच करा." सचिवांनी ठराव लिहिला. मी मत दिलं नाही, तशी नोंद आहे.

माझी मुलगी नागपूरला कॉम्प्युटरचंच शिकते. तिला हा किस्सा सांगितला तर ती हसायला लागली. जाड चौकटीने शेजारचा खाली ढकलला जाऊ नये म्हणून कोडची एक ओळ लिहिली की झालं, म्हणाली. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही येतं. मी सरांना जाऊन विचारलं.

"होत होतं," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"अध्यक्षानं इचारलं, एकटा काहून बसला. ते सांगतलं. दुरुस्त होते का, हे कोनी इचारलंच नाही."

मला भरून आलं. मी म्हणालो, "सर, माझ्या बहिणीसाठी तुम्ही फार मोठं..."

"कोनती बहीन?" सर म्हणाले, आणि पडदा पुसायला लागले. मी त्यांना नीट ओळखतो. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना फक्त ती जाड रेष नको होती.

मार्चमध्ये उमरखेडहून फोन आला. गृहस्थ चाळिशीचे, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, स्वतः घटस्फोटित. एका रविवारी ते मोठ्या बहिणीला घेऊन घरी आले. पोहे झाले. आम्ही मोठी माणसं कापसाच्या भावावर बोलत होतो, कारण दुसरं काय बोलावं सुचत नव्हतं. शेवटी माझ्या बहिणीनेच सरळ विचारलं, "तुमी मले कुठून पाह्यलं?"

"वेबसाइटवर. फोटो पाह्यला, शाळा वाचली, मंग खाली वाचलं. तवा वाटलं, फोन कराले हरकत नाही."

"आनि त्याच्या आधी? पुस्तिकेत नाव नव्हतं का तुमचं?"

"होतं ना. तीन वर्षं. पिवळ्या पानावर."

"मीही तीन वर्षं पिवळ्यावरच होती!"

ते जरा गोंधळले. मग कबूल केलं, "खरं सांगू का, मी पिवळी पानं कधी उघडलीच नाही. पांढरीच पाहायचो."

बहिणीने तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडते की काय. ती हसत होती, खांदे हलेपर्यंत. "मीही," ती म्हणाली. "मीही पांढरीच पाहत होती."

नंतर मी माळ्यावरून जुन्या पुस्तिका काढून पाहिल्या. तीनही वर्षं दोघं चार-पाच पानांच्या अंतरावर होती. फोटो बरे होते. पत्तेही बरोबर होते.

मे महिन्यात वणीत, नोंदणी पद्धतीने, दोन्हीकडची मिळून तीसेक माणसं, असं लग्न झालं. सर आले होते. हॉलमधल्या पाटीवरची नावं मधोमध नाहीत म्हणून त्यांनी ती पाटी दोनदा सरकवली, आणि नंतर मठ्ठा छान झाल्याचं सांगून गेले.

हिशेब असा. मंडळाने सरांना उरलेले बारा हजार चेकने दिले. त्याशिवाय सरांचं एक वेगळं बिल आलं, मंडळाच्या नव्हे तर जोडप्याच्या नावाने: लग्न जमल्यामुळे दोन चौकटी काढणे, प्रत्येकी तीनशे. माझ्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, एक बटण दाबलं की निघतं, बाकीच्या चौकटी आपोआप सरकतात. सरांचं म्हणणं होतं की आपोआप सरकल्या तरी त्या नीट सरकल्या का, हे कोणीतरी मागे जाऊन पाहावं लागतं. तीनशे माझ्या बहिणीने दिले, तीनशे जावयांनी, दोघं एकाच मोटरसायकलवर राजूर रस्त्याला जाऊन. एकूण रुपये सहाशे, सरांना रोख मिळाले. घासाघीस झाली नाही, कारण मी सोबत नव्हतो.